यादीतला सहावा माणूस

रमजानचा चांद दिसायला आठ-दहा दिवस राहिले होते. सोलापुरातल्या नई जिंदगी भागात एका मशिदीबाहेर जनाजा ठेवला होता. मय्यत माझ्या जुन्या विद्यार्थ्याची. वय अवघे ४७. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर त्याची उमर गेली. शाळेत असताना गणितात हुशार होता. पाढे म्हणताना मान डोलवायचा, एवढे मला अजून आठवते.

जनाज्याच्या नमाजपूर्वी आमच्यात एक रीत आहे. मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन जमलेल्या लोकांना सांगतो, की मरहूमकडे कोणाचे काही येणे असेल तर मला येऊन भेटा, नाहीतर माफ करा. हिंदू वाचकांनी ही रीत कदाचित पाहिली नसेल. इस्लाममध्ये माणूस मेला म्हणून त्याचे कर्ज मरत नाही. त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्र, आणि त्यानंतर उरेल त्याची वारसांत वाटणी, असा क्रम आहे. हदीसमध्ये असे आले आहे, की सुरुवातीच्या काळात कोणी कर्ज फेडल्याविना मरण पावला आणि फेडायला मागे काहीच नसेल, तर प्रेषित हजरत मुहम्मद (स.) त्याच्या जनाज्याची नमाज स्वतः पढवत नसत, सोबत्यांना पढायला सांगत. एकदा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी मयताचे कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हा कुठे आपण पुढे झालात. पुढे सार्वजनिक खजिन्यात पैसा येऊ लागल्यावर मात्र प्रेषितांनी जाहीर केले, की जो कर्ज ठेवून मरेल त्याचे कर्ज माझ्यावर, आणि जो संपत्ती ठेवून मरेल त्याची संपत्ती त्याच्या वारसांची.

त्या दिवशी थोरला मुलगा पुढे आला. वीस वर्षांचा, आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवलेले वाक्य तो घाईघाईने बोलून गेला. मागच्या सफेतल्या लोकांना ते ऐकूही आले नसेल. कब्रस्तानातून परतताना मात्र एकेकजण त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच काही सांगत होता. सांगणारे वाईट नव्हते. विचारले होते, म्हणून सांगत होते.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मुलाने शाळेची जुनी वही आणली आणि आम्ही दोघे हिशेब मांडायला बसलो. आतल्या खोलीत त्याची आई इद्दतमध्ये बसलेली. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस स्त्रीने घरातच राहायचे असते. ती पडद्याआडून एकेक रक्कम सांगत होती आणि सांगता सांगता विड्या वळत होती. दुःख कितीही असले तरी पाने भिजवलेली होती.

कारखान्याची उचल ४५,०००. तिच्या नावावर तीन वेगवेगळ्या गटांची कर्जे, त्यांतली बाकी २२,०००, ३१,००० आणि १४,५००. तिचा लच्छा गहाण, त्यावर ३५,०००. लच्छा म्हणजे काळ्या मण्यांचा सोन्याचा दागिना, आमच्या बायकांचे मंगळसूत्रच समजा. किराणा ६,२००. मेडिकल दुकान ३,८००. मेहुण्याचे २०,०००. भिशी आधीच उचललेली, तिचे हजार रुपयांचे आठ हप्ते राहिलेले. एकूण १ लाख ८५ हजार ५००.

वही मिटून मुलगा म्हणाला, “सर, अब्बू तर रोज कामाला जायचे. दारू नाही, जुगार नाही. मग एवढं झालं कसं?”

हा प्रश्न मी घरी घेऊन आलो. हे पान लिहायला घेतले तेव्हा दुसरा विषयच सुचेना.

गरिबी का येते, असे कोणालाही विचारा, उत्तरे ठरलेली आहेत. आळस, व्यसन, अशिक्षितपणा, जास्त मुले. चहाच्या टपरीवरही हीच उत्तरे आणि व्यासपीठावरही हीच. या उत्तरांत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तेहतीस वर्षे शाळेत काढली आहेत, व्यसनाने उठलेली घरे पाहिली आहेत. पण हा माणूस त्यांतल्या एकाही खणात बसत नव्हता. सरकारी मोजणीतही तो गरीब नव्हता. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी शहरी दारिद्र्यरेषा देशपातळीवर दरमहा दरडोई १,००० रुपये खर्चाची धरली होती. तो आकडा आजच्या महागाईने वाढवून घेतला तरी चौघांचे हे घर त्या रेषेच्या वरच राहते. खर्च तर ते करतच होते! तो खर्च कमाईतून होतो की उचलीतून, हे ती रेषा विचारत नाही.

त्याचे वडील गिरणीत होते. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली उभी राहिली. पुढे गिरण्यांच्या भोंग्यावर या शहराचे घड्याळ चालायचे. पत्र्याच्या चाळी होत्या, कष्ट काही कमी नव्हते. पण पगार महिन्याचा होता, भविष्य निर्वाह निधी होता, आजारी पडले तर विम्याच्या दवाखान्याचे कार्ड होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक करून गिरण्यांना टाळे लागले. बापाचा भोंगा बंद झाला आणि मुलगा शेडमधल्या मागावर उभा राहिला. कापड तेच, सूत तेच. बदलली ती मजुरीची जात. महिन्याचा पगार गेला आणि नगावर मजुरी आली. जितके टॉवेल उतरतील तितके पैसे. वीज गेली, सुताचा भाव चढला म्हणून मालकाने माग थांबवले, बीम वेळेवर आले नाही, तर त्या दिवसाचा तोटा कामगाराचा. चांगल्या आठवड्यात त्याच्या हातात साडेतीन हजार पडायचे. वाईट आठवडा कधी येईल हे त्याला आधी कोणी सांगत नसे.

बायकांच्या विडीचेही तसेच. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून घ्यायची, घरी पाने कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून हजारांच्या हिशेबाने विड्या परत द्यायच्या. त्यातल्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतात त्यांचे पैसे नाहीत. पान कमी पडले तर पदरचे आणून भरायचे. विडी कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६६ चा कायदा होता, १९७६ चा कल्याण निधी आहे. त्या निधीतून मुलांना शिष्यवृत्त्या मिळायच्या, माझ्या शाळेतल्या किती मुलींचे अर्ज मी स्वतः भरले आहेत. विडीवरच्या ज्या उपकरातून तो निधी भरायचा तो २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. याची फारशी कोणी चर्चा केली नाही.

सोलापुरात एक गोष्ट चांगली घडली, तीही सांगायला हवी. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये घरे ताब्यात मिळाली. नंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर ठरले, त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. ज्या बाईचे भाडे वाचले तिच्या घरात काय बदल होतो हे मी पाहिले आहे. मुलगी दहावीनंतर घरी बसत नाही, एवढा साधा बदल.

पण माझ्या विद्यार्थ्याचे घर वडिलांनी बांधलेले, स्वतःचे होते. भाडे नव्हते. मग तो पडला कुठे?

वहीतल्या रकमांना तारखा लावल्या तेव्हा ते दिसले. चार वर्षांपूर्वी पायाला एक जखम झाली. साखरेचा आजार आहे हे तेव्हा प्रथम कळले. मागावर दहा-बारा तास उभे राहायचे, जखम भरेना. गल्लीतला दवाखाना, मग दुसरा, मग तपासण्या, रोजच्या गोळ्या, दर दोन दिवसांनी पट्टी. शेवटी सिव्हिलमध्ये पायाची तीन बोटे काढली. ती शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली, एक पैसा लागला नाही. पैसे त्याआधीच संपले होते. अशा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी असतात. गोळ्या, पट्ट्या, रिक्षा, आणि सगळ्यात मोठी रक्कम म्हणजे बुडालेली मजुरी, यांचे बिल कुठल्याच योजनेकडे जात नाही. पहिली उचल त्या जखमेसाठी. दुसरे कर्ज पहिल्याचा हप्ता चुकू नये म्हणून. तिसरे मोठ्या मुलीच्या लग्नात. या तिसऱ्याबद्दल मला बोलायचे आहे, पण थोडे पुढे.

अनिरुद्ध कृष्ण नावाचे अभ्यासक आहेत. त्यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश, आणि भारताबाहेर केनिया, युगांडा, पेरू इथल्या हजारो कुटुंबांना एकच गोष्ट विचारली. पूर्वी तुमची स्थिती काय होती, आज काय आहे, आणि मधे काय घडले? २०१० साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक इंग्रजीत आले. त्याच्या नावाचाच अर्थ असा, की गरिबी एका आजाराच्या अंतरावर आहे. त्यांना दिसले ते असे, की गरिबांचा आकडा म्हणजे एका जागी बसलेली माणसे नव्हेत. एका बाजूने काही कुटुंबे वर चढत असतात आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने काही खाली पडत असतात. पडण्याच्या कारणांत आजार आणि औषधपाणी सगळ्यात पुढे. त्याच्या सोबतीला लग्न, मयत यांचे खर्च आणि चढ्या व्याजाचे कर्ज. आळस आणि दारू या यादीत फार खाली येतात.

म्हणजे आपण ज्याला गरिबी म्हणतो ती बऱ्याचदा ‘नसणे’ नाही, ती ‘देणे’ आहे. काम आहे, घर आहे, भिंतीवर टीव्ही आहे, मुलाकडे मोबाइल आहे. आणि आठवड्याला तीन ठिकाणी हप्ता आहे.

गटाच्या कर्जांबद्दल लिहिताना जपून लिहायला हवे. सगळे एका रंगात रंगवणे बरोबर नाही. पूर्वी ज्या बाईला बँकेच्या दारात कोणी उभे करत नव्हते तिला आज आधार कार्डावर तीस-चाळीस हजार मिळतात. आमच्याच गल्लीत एकीने त्यातून शिलाई मशीन घेतले, आज तिच्याकडे दोन मुली कामाला आहेत. पण मशीन कमावते, औषधाची बाटली कमावत नाही. कर्ज एकच, हप्ताही एकच. फरक पैसा कुठे गेला यावर.

आठवड्याची ‘मीटिंग’ सकाळी भरते. सतरंजीवर दहा-पंधरा बायका. आमची खाला, शेजारी पद्मशाली अक्का, तिच्या पलीकडे लिंगायत वहिनी, मागे बुधवार पेठेतून आलेली ताई. सर्वधर्मसमभाव पाहायचा असेल तर या सतरंजीवर पाहावा. एकीचा हप्ता चुकला तर तो बाकीच्यांनी भरायचा, असा नियम. त्यामुळे वसुलीला येणारे ‘सर’ फारसे बोलतच नाहीत, शेजारणीच बोलतात. वीस वर्षांच्या मैत्रिणी एका हप्त्यावरून एकमेकींच्या दारात जाणे सोडून देतात. माझ्या पत्नीने हे जवळून पाहिले आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला, की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून त्याच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत. निम्म्याहून! आणि ही कमाई मोजायची कशी? नगावर मजुरी घेणारा माणूस विचारल्यावर चांगला आठवडाच सांगतो. माझ्या विद्यार्थ्याचे तीन हप्ते मिळून आठवड्याला १,७०० होते. चांगल्या आठवड्याच्या साडेतीन हजारांत ते नियमात बसत होते. माग बंद असलेल्या आठवड्यात कशात बसणार?

कर्जाच्या कागदाशी आपल्या भागाचे नाते जुने आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांतून कर्जखते बाहेर काढली आणि जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा, अहमदनगर यांच्याबरोबर आपले सोलापूर होते. आता कागद मोबाइलमध्ये गेला आहे. तिथे जाळण्यासारखे काही उरलेले नाही, आणि जाळून प्रश्न तेव्हाही पूर्ण सुटला नव्हता.

आता रमजानकडे येतो.

रमजानमध्ये जकात काढतात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीचा पैसा किंवा व्यापारी माल ज्याच्याकडे गरजा आणि देणी वजा जाता वर्षभर आहे, त्याने त्याचा अडीच टक्के भाग काढायचा. ही भीक नाही की मेहेरबानी नाही, श्रीमंताच्या मालातला तो गरिबाचा हक्क मानला आहे. जकात कोणाला द्यायची हेही कुरआनने मोघम ठेवलेले नाही. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ प्रकारचे हक्कदार मोजून सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन, म्हणजे निर्धन आणि गरजू, हे पहिले दोन. तिसरा जकात गोळा करणारा, चौथे ज्यांची मने जोडायची आहेत ते, पाचवे गुलामीतून सोडवायचे आहेत ते. सहावा कर्जात बुडालेला. सातवा अल्लाहच्या मार्गातला आणि आठवा वाटेत अडकलेला प्रवासी.

सहाव्यासाठी अरबी शब्द आहे ‘गारिमीन’. मी किती वर्षे ही आयत वाचतो आहे. पण त्या सहाव्या शब्दापाशी थांबलो नव्हतो. आमच्या मोहल्ल्यात दर रमजानला रेशन किट वाटले जाते. तेल, साखर, शेवया, खजूर. साड्या वाटल्या जातात, आणि हल्ली वाटतानाचे फोटोही. बाहेरगावच्या मदरशांच्या पावत्या फाडल्या जातात. यातले काहीच चुकीचे नाही, फोटो सोडले तर. पण हे सगळे पहिल्या दोघांसाठी आहे, ज्यांचा हात पुढे आलेला दिसतो त्यांच्यासाठी. सहावा माणूस रांगेत येत नाही. तो पांढरा सदरा घालून नमाजला येतो, चंद्याच्या पेटीत दहा रुपये टाकतो. सूरह बकरामध्ये अशांचा उल्लेख आहे, की ते मागत नाहीत म्हणून अनोळखी माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. त्याच सूरहमध्ये कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिलेत तर ते अधिक चांगले, असेही सांगितले आहे.

मौलानांना विचारले, तेव्हा एक गोष्ट पक्की झाली. राहते घर, घरातल्या वापराच्या वस्तू, कामाची मोटारसायकल, कारागिराची हत्यारे यांची गणती होत नाही. देणे वजा जाऊन हातात काही राहत नसेल तर पक्क्या घरात राहणारा माणूसही जकातीचा हक्कदार असू शकतो. ‘त्याच्याकडे तर फ्रीज आहे’ असे म्हणून आपण ज्यांना वगळतो त्यांच्याबद्दल हे मी मुद्दाम लिहितो आहे.

कोणी विचारेल, की हे फक्त मुसलमानांपुरते का? बहुतेक उलेमांच्या मते जकात मुस्लिम गरजूंसाठी आहे, आणि सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कोणालाही देता येते. पण हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतला एक प्रसंग जुन्या ग्रंथांत आहे. एक वृद्ध, अंध ज्यू दारोदार मागताना त्यांना दिसला. चौकशी केली, तेव्हा कर भरण्यासाठी आणि पोटासाठी मागतो असे तो म्हणाला. उमर (रजि.) त्याला हाताला धरून घरी घेऊन गेले, काही दिले, आणि खजिनदाराला सांगितले, की याच्या तारुण्याचे आपण खाल्ले आणि म्हातारपणी याला सोडून दिले, हा न्याय नाही. त्याचा कर माफ केला आणि खजिन्यातून मदत बांधून दिली. मला हा प्रसंग दानापेक्षा कामगार कायद्याचा जास्त वाटतो. ज्याच्या तरुणपणाच्या कमाईवर समाज चालला, त्याच्या पडत्या काळाची जबाबदारी कोणाची, हाच तो प्रश्न.

मुलीच्या लग्नाबद्दल बोलेन म्हटले होते. निकाहला खर्च लागत नाही. मेहर मुलाने द्यायचा असतो. तरी आमच्यात मुलीच्या बापाने फर्निचर, गाडी, चारशे माणसांची बिर्याणी, हे सगळे करायचे आणि त्याला ‘खुशीने दिले’ म्हणायचे. माझ्या विद्यार्थ्याने पायाची बोटे गेलेली असताना हे केले. त्या बिर्याणीला मीही होतो. जेवून, आशीर्वाद देऊन घरी आलो. वहीतल्या ३१,००० मध्ये माझे ताट आहे, हे मला तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी बसल्यावर कळले.

मालकालाही भेटलो. तो आमच्याच जमातीतला, पाच वेळचा नमाजी, दरवर्षी हिशेबाने जकात काढणारा. मी सरळ विचारले, एवढी वर्षे काम केले, याचा फंड, विमा काही? तो चिडला नाही. त्याने त्याची वही काढली. सूत रोखीने घ्यावे लागते, व्यापारी मालाचे पैसे तीन-चार महिन्यांनी देतो, वीजबिल थांबत नाही. त्याच्या डोक्यावरही बँक होती. मला त्याचे म्हणणे खोटे वाटले नाही. व्यापारी आपली उधारी मालकावर ढकलतो, मालक ती उचल आणि थकलेल्या मजुरीच्या रूपाने कामगारावर ढकलतो. कामगाराला पुढे ढकलायला कोणी नसते. असतीलच तर बायकोचा लच्छा आणि मुलाचे शिक्षण. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही हदीस मालकाला पाठ होती. त्यानेच मला ऐकवली.

या रमजानमध्ये मशिदीतल्या आम्ही चौघा-पाच जणांनी गोळा होणाऱ्या रकमेतला काही हिस्सा सहाव्यासाठी बाजूला काढला. गाजावाजा केला नाही. पहिले नाव कोणाचे हे सांगायला नको. पैसे आम्ही परस्पर सावकाराला दिले नाहीत. मौलानांनी सांगितल्याप्रमाणे त्या माउलीच्या हातात दिले आणि तिने आपल्या हाताने देणे चुकवले. त्यापूर्वी गटाचे कागद चाळले, तेव्हा एक गोष्ट सापडली. कर्ज देतानाच विम्याचे पैसे कापलेले होते, आणि तीनपैकी दोन ठिकाणी त्या विम्यात नवऱ्याचेही नाव होते. मृत्यूचा दाखला आणि अर्ज दिला, तेव्हा २२,००० आणि ३१,००० ही दोन्ही कर्जे मिटली. दाखला न देता ती मात्र दोन आठवडे हप्ता भरत राहिली होती, कारण कोणी सांगितलेच नव्हते. वाचकांपैकी कोणाच्या शेजारी असे घर असेल तर कृपा करून आधी हे कागद काढून पाहा. तिसरे १४,५००, किराणा आणि मेडिकल दुकान, मिळून २४,५०० जकातीतून फिटले. मेहुणा म्हणाला, माझे नाव वहीतून काढा. लच्छा अजून गहाणच आहे.

राहिली उचल, ४५,०००. मालक स्वतः मशिदीत आला आणि म्हणाला, सोडून दिली. आम्हा सगळ्यांना बरे वाटले. मग त्याने विचारले, की एवढी रक्कम मी या वर्षीच्या जकातीत धरू ना?

मौलाना वयाने मालकाहून लहान आहेत. पण त्यांनी स्पष्ट सांगितले, की बुडीत येणे सोडून दिल्याने जकात अदा होत नाही. जकात हातात द्यावी लागते. देणे फेडायचे की घर चालवायचे, हे ज्याला दिली त्याने ठरवायचे. उचल सोडलीत तर त्याचा सवाब वेगळा, जकात वेगळी काढा.

मालक बराच वेळ गप्प बसला. विचार करून सांगतो, म्हणाला. मुलगा दाराजवळ उभा राहून ऐकत होता. वारसाला बापाचे कर्ज स्वतःच्या कमाईतून फेडण्याची सक्ती शरियतमध्ये नाही. बाप जे ठेवून जातो तेवढ्यातूनच ते फेडायचे असते. उचलीपोटी कोणाला कामाला जुंपणे देशाच्या कायद्यानेही १९७६ पासून बंद आहे. हे मी त्याला बाहेर येऊन समजावले. तो म्हणाला, “सर, मला कोणी जुंपलं नाही. मीच विचारलं होतं.”

बापाच्या मागावर तो रात्रपाळीला उभा राहतो. सहेरीला घरी येतो, आईने ठेवलेले खातो, फजरची नमाज पढून झोपतो आणि दहाला आयटीआयला जातो. उचलीत त्याचे आठवड्याला हजार रुपये कापून घेतात. मालकाचे उत्तर अजून आलेले नाही.